एल्मर काउलीचं कार्ड

३ ऑगस्ट, रविवार

कंपनीने जूनमध्ये घरी बसवल्यापासून अख्ख्या गल्लीला माझा वेळ फुकट झाला आहे. आज शेजारच्या डोरीनच्या माळ्यावरचा कचरा गाडीत भरून कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचराडेपोत, नेऊन टाकायचं काम अंगावर आलं. बाई एक्याण्णव वर्षांची. नोव्हेंबरमध्ये विंचेस्टरला, पुतणीच्या जवळ, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार. पुतणी हजर होती, हातमोजे घालून. तिने एक खोकं उचललं नाही. सगळी खोकी मी उतरवली, आणि वर "माइंड द वॉलपेपर, डिअर" हेही ऐकून घेतलं.

चौथ्या खोक्यात अल्बम निघाला. सिगारेटच्या पाकिटांत पूर्वी एकेक छोटं चित्रकार्ड घालायचे, त्यांचा. मी गेली चौदा वर्षं क्रिकेटपटूंची असली कार्डं जमवतो, म्हणून माळ्यावरच बसून चाळला. बोटी, फुलं, फुटबॉलवाले, सगळा किरकोळ माल. शेवटच्या पानावर मात्र चार अमेरिकन कार्डं होती, बेसबॉलची. डोरीनचा बाप इथल्या बंदरातून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बोटींवर स्ट्युअर्ड होता, त्याने तिकडच्या पाकिटांतून आणलेली. तीन साधी होती. चौथं एल्मर काउलीचं.

काउली मी आजवर फक्त लिलावाच्या कॅटलॉगमध्ये पाहिला होता. १९१०च्या सुमाराचं कार्ड. थोडी छापली आणि छपाई थांबवली. नारिंगी रंगावर क्रीम शर्टातला एक मिशाळ माणूस, आगपेटीपेक्षा जेमतेम मोठा. उजेडात बघायला घाईने उठलो तर अल्बम मांडीवरून घसरला.

खाली येऊन डोरीनला म्हणालो, "जुनी सिगारेट कार्डं आहेत. कस्तुरीच्या शाळेतल्या मुलांना दाखवायला नेऊ का?" बायको प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, तेव्हा हे अगदीच खोटं म्हणता येणार नाही. वीस पाउंड पुढे केले. म्हातारी म्हणाली, "मुलांसाठी नेतोयस, पैसे कसले घ्यायचे, लव्ह?" म्हणजे मी देत होतो. तिने घेतले नाहीत. हे इथे लिहून ठेवतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

ओहायोच्या एका मोठ्या संग्राहकाला फोटो पाठवले होते. उत्तर आलं: "डोन्ट टच इट अगेन." कडा, कोपरे, रंग, सगळं अस्सल आहे म्हणतो. अमेरिकेत पाठवून तपासून घ्यायचं, दर्जा ठरवून घ्यायचा, मग लिलाव. बरा दर्जा मिळाला तर तीस-चाळीस हजार पाउंड.

त्या पैशांतून स्वतःचा कार्डांचा धंदा. पुन्हा कुठल्या पोरसवदा मॅनेजरसमोर बसून "माझी बलस्थानं" सांगायची नाहीत. कस्तुरीला इतक्यात बोललेलो नाही. तिच्या प्रश्नांचा मला कंटाळा येतो.

२४ ऑगस्ट, रविवार

अण्णा आले. हीथ्रोवरून साउथहॅम्प्टनपर्यंत दोन तास मोटारवेवर गाड्या मोजत होते. दोन बॅगांपैकी एकीत नुसतं पीठ, पोहे आणि मेतकूट. "इथे सगळं मिळतं हो अण्णा," म्हटलं, तर म्हणे, "मिळत असेल, पण सांगलीचं मिळतं का?" झाली सुरुवात.

सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत. आई गेल्यापासून धाकट्याकडे असतात, आणि धाकट्याची बायको वैतागलेली दिसते, नाहीतर माझी आठवण कशाला झाली असती? नोकरी गेल्याचं त्यांना सांगितलेलं नाही. वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसतो. "वर्क फ्रॉम होम" म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

अण्णांना चाळीसच्या वर इंग्रजी शब्द येत नाहीत, पण ते चाळीसच्या चाळीस रोज डोरीनच्या बागेत खर्च होतात. सकाळी दहाला कुंपणापाशी जातात ते जेवायलाच परत. "डोरीनबाईंचे कागद लावतोय," म्हणतात. एकतीस वर्षं भूमी अभिलेखच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली, तेव्हा कागद दिसला की हात शिवशिवणारच. म्हातारीच्या जुन्या पत्रांचे, दाखल्यांचे, बोटीवरच्या कागदांचे गठ्ठे करून, जुन्या उशांच्या अभ्र्यांत गुंडाळून, नाडीने बांधून त्यांचे रीतसर बस्ते केलेत. वर नंबरांच्या चिठ्ठ्या. विंचेस्टरच्या फ्लॅटमध्ये हे बस्ते कोण सोडणार आहे देव जाणे.

पुतणीने चांगले प्लॅस्टिकचे फोल्डर आणून दिले होते. ते अण्णांनी परत केले. रात्री जेवताना मला व्याख्यान: "जुन्या कागदाला वारा लागतो अंबू. प्लॅस्टिकमध्ये घातला की घामेजतो, मग गेलाच." मी मान हलवत राहिलो. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद जपले आणि स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला, त्याच्याकडून मी काय शिकायचं?

९ सप्टेंबर, मंगळवार

म्हातारीने घोळ केला. कस्तुरी शाळेतून येताना कुंपणावरून विचारलं म्हणे, "मुलांना कार्डं आवडली का?" कस्तुरीला काही माहीतच नाही. घरात येऊन पर्सही खाली न ठेवता तिने मला विचारलं, "कुठली कार्डं?"

सांगितलं सगळं. एकदा सांगायचंच होतं. किंमतही सांगितली. मला वाटलं किंमत ऐकून निवळेल.

"तू माझं नाव वापरलंस," ती म्हणाली.

"तुझं नाही, शाळेचं."

"अंबरीश, ती मला रोज विचारते, हाउ आर द चिल्ड्रन. मी तिच्या तोंडाकडे कसं बघू?"

"मग नको बघूस. नोव्हेंबरमध्ये जातेच आहे."

अण्णा सोफ्यावर होते. वर्तमानपत्र नव्हतं, टीव्हीही बंद होता, नुसते बसले होते. कस्तुरी वर निघून गेली. या घरात मी काही मिळवलं की कोणीतरी मेल्यासारखी शांतता पसरते.

१० सप्टेंबर, बुधवार

कस्तुरी बोलत नाही. बरंच आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

चहा घेताना अण्णांनी विचारलं, "त्या चित्राची किंमत तू डोरीनबाईंना सांगितलीस का?"

"त्यांनी मला दिलं ते."

"शाळेसाठी दिलं ना?"

"अण्णा, इकडे असंच असतं. लोक बाजारात दोन पाउंडाला वस्तू विकतात, घेणारा ती दोन हजारांना विकतो. याला व्यवसाय म्हणतात."

"बरं," म्हणाले. त्यांचं हे "बरं" मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. कुठल्याही परीक्षेतून घरी आलो की निकालाआधी हे "बरं" यायचं.

२० सप्टेंबर, शनिवार

पुन्हा तोच प्रश्न. "सांगितलंस का रे तिला?" या वेळी माझा तोल गेला. जे बोललो ते लिहूनच ठेवतो, कारण त्यातला एक शब्दही मला मागे घ्यायचा नाही.

म्हणालो, "तुमचा प्रामाणिकपणा आम्ही पोसला अण्णा. तुम्ही कोणाचा चहा प्यायला नाहीत, म्हणून चार बदल्या झाल्या आणि मी चार शाळा बदलल्या. बाकीच्या कारकुनांनी बंगले बांधले. मला पैसे भरून इंजिनिअरिंगला घालायची वेळ आली तेव्हा तुमच्याकडे काय होतं? लोकांचा आदर. तो कॉलेजच्या काउंटरवर चालत नाही."

ते ऐकत राहिले. नंतर म्हणाले, "खरं आहे तुझं. तुमच्या आईलाही फार सोसावं लागलं." एवढंच. भांडणात समोरच्याने असं "खरं आहे" म्हटलं की माणसाला हात चालवायलासुद्धा जागा राहत नाही. मी दार आपटून बाहेर पडलो आणि आमच्या शर्ली भागातल्या हाय स्ट्रीटवर उगीच तासभर फिरलो.

२८ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस चांगला गेला. असं मी या वहीत क्वचित लिहितो.

दुपारी अण्णा आपणहून वर आले आणि म्हणाले, "ते चित्र मला दाखव तरी. एवढं काय आहे त्यात?" आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कुठल्या गोष्टीत त्यांनी रस घेतला. ड्रॉवरमधून काढून दाखवलं. हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं. चष्मा कपाळावर सरकवून कार्डापाशी नाक नेऊन बघत राहिले. "मिशी आहे," म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा वाकले. किंमत माहीत झाल्यावर माणूस एवढ्याशा कागदाकडे असाच बघतो.

मग प्रश्न विचारायला लागले आणि मीही खुललो. त्यांनी विचारलं, "कशाकशाने याची किंमत जाते?" सगळं समजावलं. कोपरा दुमडला की अर्धी किंमत गेली. पाणी, गोंद, पेन्सिलचा डाग. कडा कापून सरळ केली तर कोणी हात लावत नाही. उष्णता तर सगळ्यात वाईट.

"आणि दुरुस्त करता येत नाही?"

"एकदा गेलं की गेलं. मग ते नुसतं चित्र."

"नुसतं चित्र," ते म्हणाले. "आणि तपासणारे लोक ते कसं ठेवतात?"

"कडक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून देतात."

"हो का? प्लॅस्टिकमध्ये?" असं म्हणून हसले. इतके मोकळे हसले की मीही हसलो. एक तासभर आम्ही बापलेक एका टेबलावर बसलो होतो आणि त्यांनी डोरीनचं नाव काढलं नाही. समजलं असावं शेवटी. माणसाला नीट समजावून सांगितलं की समजतं. मीच इतके दिवस त्यांना कमी लेखत होतो की काय कोण जाणे.

४ ऑक्टोबर, शनिवार

गुरुवारी, नऊ तारखेला, कुरिअरवाला येणार. विमा उतरवला. ओहायोवाल्याचा रोज मेल, माझ्याहून त्यालाच घाई.

घरातली हवाही निवळली आहे. कस्तुरी शाळेचं काम घरी आणते. नव्या वर्गाच्या मुलांच्या नावाच्या पट्ट्या, पाढ्यांचे तक्ते, सगळं लॅमिनेट करायचं असतं. इथल्या प्रायमरी शाळा प्लॅस्टिकवरच चालतात. अण्णा तिच्या शेजारी बसून एकेक कागद त्या यंत्रात सरकवतात आणि दुसऱ्या बाजूने गरम, चकचकीत होऊन आला की लहान मुलासारखे बघतात. माझी दहावीची मार्कशीट लॅमिनेट करून आणणारा हाच माणूस. सांगलीला तेव्हा प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात ते खूळ होतं. रेशन कार्डसुद्धा सोडलं नव्हतं.

दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी आत गेल्यावर थांबले. मला आता असल्या गोष्टींचा राग येत नाही. पाच दिवस राहिलेत.

८ ऑक्टोबर, बुधवार

संपलं.

कुरिअरसाठी योग्य मापाचा बॉक्स आणायला दुपारी बाहेर पडलो होतो. पाऊण तास. परत आलो तर डायनिंग टेबलावर लॅमिनेटर चालू, हिरवा दिवा लागलेला, आणि शेजारी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एल्मर काउली. जाड, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये. कडेने नीट कातरीने कापलेला, चारही कोपरे गोल केलेले.

अण्णा खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "उद्या परदेशी पाठवतोयस ना. खराब होऊ नये म्हणून केलं. तेही प्लॅस्टिकमध्येच घालतात म्हणालास."

मी काय काय ओरडलो ते आठवत नाही. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते आज कळलं. टेबलावरचा चहाचा कप भिंतीवर फेकला एवढं आठवतं. अडाणी म्हणालो. कारकुंडा म्हणालो. धाकट्याने कंटाळून माझ्या गळ्यात मारलं म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले, डोळ्याची पापणी न हलवता. ना माफी, ना सफाई. एखाद्या माणसाला आपण केवढी नासधूस केली हेच कळत नसेल तर तो घाबरणार तरी कशाला!

सकाळी कस्तुरी ते यंत्र कपाटात ठेवायचं विसरली. एरवी चमचासुद्धा जागच्या जागी ठेवणारी बाई. नेमकी आजच विसरली. माझं नशीबच असं.

कार्ड सोलायचा प्रयत्न केला. कोपऱ्यातून नारिंगी रंग प्लॅस्टिकबरोबर उचलून आला. कचऱ्याच्या डब्यात फेकून दिलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कुरिअरवाल्याला दारातूनच परत पाठवलं. तो म्हणाला, "नो वरीज, मेट." यांना कशाचंच काही वाटत नाही.

ओहायोवाल्याला कळवलं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "युअर फादर डिड व्हॉट?"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

अण्णांचं तिकीट बदलून सोमवारचं केलं. जास्तीचे पैसे गेले, जाऊ देत. दिवाळीच्या आत हा माणूस माझ्या घरातून गेला पाहिजे. कस्तुरी म्हणाली, "दिवाळीला तरी राहू दे रे त्यांना." मी म्हटलं, त्यांच्याबरोबर तुलाही जायचं असेल तर अजून एक तिकीट काढतो. ती उरलेला अल्बम उचलून म्हणाली, "हा मी शाळेत नेते." म्हटलं ने, पेटव, काय हवं ते कर. काउली गेल्यावर त्या अल्बमला रद्दीचा भाव.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हीथ्रोला सोडून आलो. दोन तासांच्या वाटेत एक शब्द बोललो नाही. टर्मिनलवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ट्रॉली सरळ करायच्या निमित्ताने बाजूला झालो. म्हणाले, "नोकरी मिळेल रे तुला. हुशार आहेस." म्हणजे तेही माहीत होतं. कस्तुरीनेच सांगितलं असणार. घरात माझी म्हणून एक गोष्ट राहू दिली नाही या दोघांनी.

जाताना मागे वळून बघत होते. मी पार्किंगचं तिकीट शोधत होतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. कस्तुरीने दोन पणत्या लावल्या आणि स्वतःच जेवून घेतलं. कार्डिफहून लेकीचा, तनूचा, फोन आला. युनिव्हर्सिटीत गेल्यापासून तिचं मराठी आणखीच बिघडलंय.

"बाबा, तू आजोबाला का ओरडला? मम्मीने सांगितली मला सगळं."

"सगळं म्हणजे काय सांगितलं?"

"की ती कार्ड डोरीनची होती. इट वॉज हर्स, बाबा."

म्हटलं, अभ्यास कर. वर्षाची नऊ हजारांहून जास्त फी भरतो ती मला नीतिशास्त्र शिकवायला नाही. तिने फोन ठेवला. सांगलीहूनही फोन आला होता, तो मी घेतला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

कस्तुरीच्या वर्गाने त्या अल्बमवर प्रकल्प केला. बोटी कुठून कुठे जायच्या, माणसं काय घालायची, असलं काहीतरी. मुलांनी डोरीनला आभाराचं भलंमोठं पत्र लिहिलं आणि तिने ते समोरच्या खिडकीत लावलंय. येता-जाता मला दिसतं. लेकरांचं वाकडंतिकडं अक्षर आणि खाली तीस सह्या. आता म्हातारी मला बघितलं की दोन्ही हात हलवते. मलाही हलवावा लागतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

डोरीन आज गेली. व्हॅन यायच्या आधी तिने मला बोलावलं, शेवटचे दोन बस्ते खाली आणून द्यायला. अण्णांच्या गाठी तशाच होत्या. पुतणीने सगळी खोली रिकामी केली होती. खिडकीच्या कट्ट्यावर फक्त एक लहानशी फ्रेम. फ्रेममध्ये एल्मर काउली.

मी कचऱ्यात टाकलेला. कोपऱ्यातला रंग गेलेला, तोच.

डोरीन म्हणाली, "जायच्या आदल्या दिवशी तुझ्या वडिलांनी आणून दिलं. म्हणाले, माय सन फाइंड. माय सन सेज, गिव्ह मॅडम." त्यांचं इंग्रजी तिला तोंडपाठ झालेलं दिसलं.

मग तिने सांगितलं. मी उभा होतो, तिने खुर्ची दाखवली, म्हणून बसलो. तिचा बाप बोटीवर सहा-सहा आठवडे असायचा. ती रडायला लागली की तिची आई हे कार्ड हातात द्यायची, हा बघ तुझा डॅड. सात वर्षांची होईपर्यंत तिला ते खरं वाटायचं. खरा बाप घरी आला की ती त्याच्या मागे या मिशाळ माणसाला शोधायची. पुढे घर बदललं आणि कार्ड दिसेना. गेलं असंच ती धरून चालली होती. अल्बमच्या शेवटच्या पानावर असेल हे डोक्यातही आलं नाही.

"तुझ्या वडिलांना मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, हे कागद बांधताना," ती म्हणाली. "मिशीवाला, नारिंगी. त्यांनी लक्षात ठेवलं बघ. आणि तू मुलांच्या कार्डांमधून नेमकं शोधून काढलंस."

मी म्हटलं, "हो."

"मी त्यांना म्हटलं, असा मुलगा आहे, अभिमान वाटत असेल तुम्हाला. यस, यस म्हणाले. आणि मग रडले रे. तू बसलायस ना, त्याच खुर्चीत. मला कळेना काय करावं. मी आपला चहा केला."

"वय झालं की होतं तसं," मी म्हणालो.

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि थँक यू म्हणाली. मी यू आर वेलकम म्हणालो. व्हॅन गेली तेव्हा ती पुढच्या सीटवर फ्रेम मांडीवर घेऊन बसली होती.

संध्याकाळी कस्तुरीने फोन माझ्यापुढे धरला. "अण्णा आहेत. डोरीन नीट गेल्या का विचारतायत. बोल ना." मी हातानेच नाही म्हटलं. ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "एकदा विचार तरी त्यांना अंबरीश." मी उठून वर आलो.

काय विचारू? डोरीनशी ते खोटं बोलले, पण माझ्याशी बोलणार नाहीत. विचारलं तर सरळ सांगतील. म्हणून विचारायचं नाही. अण्णा अडाणी आहेत, त्यांना जुन्या कागदातलं काही कळत नाही, त्यांनी अजाणता केलं. ते तसे नसतील तर मी कोण आहे, हे मला त्यांच्या तोंडून ऐकावं लागेल.